रांजण, वेळ उरल्यास

रांजण व्हायला मी नाही म्हटलं होतं. हे आधीच सांगून ठेवते, कारण नंतर संग्रहालयभर असं पसरलं की मी हौसेने गळ्यात पाटी अडकवून बसले. हौस कसली आलीय! पन्नाशीच्या बाईला चारचौघांत रांजण व्हायची हौस असते का?

झालं असं, की गेल्या वर्षी आमच्या संग्रहालयात वरच्या मजल्यावरचा नळ फुटला आणि पाणी बंद करायची चावी कुठे आहे ते फक्त एका माणसाला माहीत होतं. तो माणूस मेव्हणीच्या लग्नाला गेला होता. लग्न उरकून तो येईपर्यंत संग्रहालय बंद राहिलं. मग वर कुठेतरी कुणीतरी टेबलावर हात आपटला आणि हुकूम निघाला: कोणतंही संकट येवो, कामकाज चालूच राहिलं पाहिजे, तसा आराखडा करा आणि कर्मचाऱ्यांना शिकवा. बैल गेला नि झोपा केला, पण निदान केला तरी.

आराखडा करायला बाहेरून एक बाई आल्या. त्या दर दोन वाक्यांनंतर म्हणायच्या, "खंड पडता कामा नये." दुसऱ्याच दिवशी त्यांचं नाव खंडबाई पडलं. स्वभावाने वाईट नव्हत्या. गळ्यात शिट्टी, पायात कापडी बूट, आणि आपलं काम जगातलं सर्वांत महत्त्वाचं आहे अशी ठाम समजूत. तशी समजूत आमच्याकडे सगळ्यांचीच आहे, त्यामुळे त्या लगेच आमच्यातल्या झाल्या.

त्यांनी ठरवलं, आगीचा सराव करायचा. आग लागली तर कोणत्या वस्तू आधी बाहेर काढायच्या, कोणी काढायच्या, कशा काढायच्या. इथे घोडं अडलं. सरावासाठी खऱ्या वस्तू उचलायच्या म्हणजे त्या सरावातच फुटायच्या. संचालकसाहेब म्हणाले, "आगीत फुटली तर निदान सांगायला तोंड राहतं. सरावात फुटली तर काय सांगू?" खूप विचार झाला. उशा आणू या म्हणाले, खोकी आणू या म्हणाले. शेवटी खंडबाईंनी तोडगा काढला: अर्धे कर्मचारी वस्तू होतील, अर्धे त्यांना वाचवतील.

प्रत्येक वस्तूच्या गळ्यात एक पाटी. लाल म्हणजे आधी. पिवळी म्हणजे नंतर. पांढरी म्हणजे वेळ उरल्यास.

साहेबांनी लाल पाट्यांतली पहिली उचलली आणि स्वतःच्याच गळ्यात घातली. ते मुकुट झाले. तिकीटखिडकीवरच्या मावशी अंगापिंडाने चांगल्या भरभक्कम. त्यांच्या वाट्याला अंगठी आली. नियमाप्रमाणे अंगठी एका तळहातावर मऊ कापडात न्यायची. दारावरचा पहारेकरी पेंढा भरलेली सुसर झाला आणि लगेच पालथा पडून झोपला. उरली रांजणाची पांढरी पाटी. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. का बघितलं ते मला कळत नाही असं नाही.

"तुमचंच दालन ना ते," साहेब म्हणाले. "तुमच्याइतकं त्या रांजणाला कोण ओळखतं?"

खरं आहे. मातीच्या भांड्यांचं दालन मी एवढी वर्षं सांभाळते. तो रांजण मोठ्या पोटाचा, बिनकानाचा, काठाला जुनी डागडुजी केलेला. चौघांनी उचलावा असं त्याच्याबद्दल लिहिलेलं आहे. मी नाही म्हटलं, दोनदा म्हटलं, आणि मग पाटी गळ्यात घातली, कारण नाही म्हणत बसायला त्या दिवशी माझं चित्त ठिकाणावर नव्हतं.

त्याचं कारण वेगळंच होतं. पाच तासांच्या वाटेवर एका गावी आमच्याच संग्रहालयाची नवी शाखा निघत होती आणि तिथली प्रमुख म्हणून मला विचारलं होतं. प्रमुख! जन्मभर 'काचेला हात लावू नका' म्हणत आलेल्या बाईला! त्याच संध्याकाळपर्यंत मी साहेबांना हो किंवा नाही सांगायचं होतं. लेक वसतिगृहातून फोनवर म्हणाली, "आई, जा. आणि बाबांना विचार." ताई म्हणाली, "जा गं, तुझं इथे काय अडलंय?" आणि आमचे हे म्हणाले, "तुझं तू ठरव."

एवढंच. बाकी चकार शब्द नाही.

आमचे हे म्हणजे ह्याच संग्रहालयाचे भांडारपाल. तळघरातल्या कपाटांत जे काही हजारो तुकडे ठेवलेत, ते सगळे ह्यांच्या ताब्यात. जन्म गेला तिथे. वस्तूला हात लावण्याआधी ती नीट पाहायची, तिची हालत मोठ्याने सांगायची, मग दोन्ही हातांनी खालून आधार देऊन उचलायची, कानाला धरून कधीच नाही. हा ह्यांचा नियम. घरीसुद्धा चहाचा कप हे कानाला धरत नाहीत. कान हा कपाचा सगळ्यांत कच्चा भाग, म्हणतात. चटका बसला तरी चालेल. रस्ता ओलांडताना माझा हात धरायचा तर मनगटाखाली तळवा देऊन. लग्न झालं तेव्हा मला वाटलं होतं, काय हळुवार माणूस मिळाला! मग कळलं, सुरईलाही असंच धरतात.

मला ह्यांचा राग आला होता. आठवडाभर मी भांडी आपटत होते, आणि हे दर वेळी येऊन भांड्याला पोचा आला का ते बघत होते. पण खरं सांगायचं तर रागाच्या खाली भीती होती. मी गेले तर ह्यांचं काहीही अडणार नाही, ही ती भीती. ह्यांनी एकदा 'जाऊ नको' म्हणावं, एवढंच मला हवं होतं. म्हटलं असतं तर मी ऐकलं असतं असं नाही. कदाचित 'मला अडवणारे तुम्ही कोण' म्हणून भांडलेही असते. पण म्हणायला काय जातं?

आणि वाचवणाऱ्या तुकडीचे म्होरके कोण? आमचे हेच.

सरावाला धूर नव्हता. धूर सोडायला परवानगी लागते. म्हणून खंडबाईंनी शिपाईदादांच्या गळ्यात 'धूर' अशी पाटी घातली. ते ज्या दालनात शिरतील तिथे धूर झाला असं समजायचं. माणसांनी रांगत बाहेर पडायचं आणि मग दार लावून घ्यायचं, की दालन गेलं. धुराने जिन्यापासून सुरुवात करून हळूहळू माझ्या दालनाकडे यायचं ठरलं होतं. पण शिट्टी वाजली आणि शिपाईदादांना आठवलं, की आपला डबा नाणेदालनात खुर्चीखाली आहे. ते तडक तिकडे गेले. नाणेदालनाचा आगीशी काही संबंध नव्हता, पण धूर शिरला म्हणजे शिरला. खंडबाईंनी दार लावलं. अख्खं नाणेदालन एका डब्यापायी गेलं.

मी माझ्या दालनात, खऱ्या रांजणाच्या शेजारी, फरशीवर मांडी घालून बसले होते. माझ्या एका बाजूला मुकुट, एका बाजूला अंगठी, पायाशी सुसर घोरत. इतक्यात आमचे हे तुकडी घेऊन आले. हातमोजे घातलेले, चेहऱ्यावर नेहमीचं ते तळघरातलं गांभीर्य. साहेबांसमोर वाकले आणि नियमाप्रमाणे मोठ्याने हालत सांगू लागले.

"मुकुट. चकाकी गेलेली. वरचा भाग उघडा पडलेला. मागून झिजलेला."

"अहो, मागून म्हणजे?" साहेब म्हणाले.

"वस्तू बोलत नाही," आमचे हे म्हणाले, आणि दोघांनी मिळून साहेबांना खालून आधार देऊन उचललं. साहेबांना कानाला धरू नका, असंही एकाला बजावलं.

मग अंगठी. इथे सगळा खोळंबा झाला. अंगठी एका तळहातावर न्यायची असा नियम, आणि मावशी तर मावशी. कुणीतरी ढकलगाडी आणली. खंडबाई म्हणाल्या, अंगठी ढकलगाडीवर नेत नाहीत, गडगडते. मावशी म्हणाल्या, "मी कशी गडगडेन गं बाई?" त्यांनाही सांगण्यात आलं की वस्तू बोलत नाही. शेवटी एका तगड्या गड्याने त्यांच्या पाठीला एक तळहात लावायचा आणि मावशींनी त्या तळहातावर असल्यासारखं चालायचं, असं ठरलं. दोघं गेले ते गेलेच. जिन्यावर मावशींचा गुडघा धरला.

आता तुकडीत तिघं उरले. धूरही डबा संपवून, तोंड पुसत, आमच्या दालनाच्या दाराशी येऊन उभा राहिला होता.

आमचे हे माझ्यापुढे गुडघे टेकून बसले. आठवडाभरात पहिल्यांदा माझ्याकडे इतकं नीट बघत होते. मी पण बघितलं. म्हटलं, आता तरी.

"रांजण," हे म्हणाले. "काठाला जुनी डागडुजी. पोट शाबूत. बुडाशी बारीक तडा." मग आणखी जवळून बघितलं. "वरच्या बाजूला ओल."

ओल होती, खरं आहे. मी ती पदराने पुसणार होते, पण वस्तू हलत नाही.

"चौघं लागतात," हे तुकडीला म्हणाले. "चौथा कुठंय?"

"जिन्यात. अंगठीपाशी."

"अहो," मी हळूच म्हटलं, "मी चालत येते की."

"रांजण चालत नाही," हे म्हणाले. अगदी मऊ आवाजात म्हणाले, पण म्हणालेच. बाकीचे दोघं फिदीफिदी हसले. मला वाटलं, खरी आग लागावी आता. ह्यांच्या मिशांना तरी.

शिपाईदादांनी उंबऱ्यावरून विचारलं, "येऊ का आत?" आणि कुणी काही म्हणायच्या आधी आत आले. धूर झाला. ते तिघं नियमाप्रमाणे रांगत बाहेर गेले. खंडबाईंनी दार लावलं आणि शिट्टी फुंकली. दालन गेलं. मी, सुसर आणि शेजारचा खरा रांजण, तिघंही जळून खाक. दाराच्या काचेतून आमचे हे आत बघत उभे होते. मी त्यांच्याकडे पाठ केली. धूर माझ्या शेजारी टेकला आणि म्हणाला, "ताई, बडीशेप घेणार?"

मग दुसरा भाग. सगळ्यांना खालच्या सभागृहात नेलं. वाचलेल्या वस्तू पुढच्या खुर्च्यांवर, नष्ट झालेल्या मागे भिंतीला टेकून, आणि नष्ट झालेल्यांनी बोलायचं नाही. खंडबाई म्हणाल्या, खरा आराखडा इथून सुरू होतो. वस्तू गेली, माणूस गेला, वीज गेली, तरी उद्या सकाळी दारं उघडायची आहेत. तेव्हा प्रत्येकाबद्दल एकच प्रश्न: ह्याच्याशिवाय किती वेळ चालेल?

विजेशिवाय? दिवसभर, उजेड असेपर्यंत. तिकीटखिडकीशिवाय? मावशी म्हणाल्या, दोन तासही नाही, लोक फुकट शिरतात. सुसरीशिवाय? दुपारपर्यंत, शाळेची सहल आली की मुलं आधी तीच मागतात. हे ऐकून भिंतीशी झोपलेल्या पहारेकऱ्याला जागं करून सांगण्यात आलं, त्याला फार बरं वाटलं. मग साहेबांनी स्वतःहून विचारलं, "आणि संचालकांशिवाय?" सगळे पंख्याकडे बघायला लागले. शेवटी मावशींना राहवलं नाही. "साहेब, मागे तुम्ही पाठ धरून घरी होतात ना, तेव्हा गर्दी वाढली होती." खंडबाईंनी ते आनंदाने टिपून घेतलं.

"आणि रांजणाशिवाय?"

आमचे हे उठले. टोपी काढली, परत घातली. सगळे माना वळवून एकदा ह्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघायला लागले, कारण आमच्या घरातला अबोला संग्रहालयात कुणाला ठाऊक नव्हता? त्या शाखेचंही सगळ्यांना माहीत होतं. मनात म्हटलं, माणसा, आयुष्यात एकदा तरी नियम मोड.

"रांजणाशिवाय कायमचं चालेल," हे म्हणाले. "भांडारात तसे आणखी आहेत. एक वर आणून ठेवता येईल."

आणि बसले.

मला काय वाटलं ते काय सांगू? जीव विटला. एवढ्या वर्षांचा संसार, आणि भांडारात तसे आणखी आहेत! मी उठले, गळ्यातली पाटी ओढून काढली, दोरा मानेला काचला तरी ओढली.

"नष्ट वस्तूंनी उठायचं नाही," खंडबाई म्हणाल्या.

"नष्ट झालेय ना? मग आता मला कोण विचारणार?" मी म्हटलं. "साहेब, लिहून घ्या. माझं हो आहे. त्या गावाला मी जातेय. उद्या म्हणालात तर उद्या."

मुकुट काहीच बोलला नाही. वस्तू बोलत नाही हे त्यांना आत्ता आठवलं.

मी दाराकडे निघाले. तेवढ्यात आमचे हे परत उठले आणि खंडबाईंना म्हणाले, "बाई, पाटीवर रांजण होतं. मी रांजणाचं सांगितलं. तिने पाटी काढलीय. आता विचारा."

"काय विचारू?"

"तेच."

खंडबाईंनी माझ्याकडे बघितलं, ह्यांच्याकडे बघितलं. शिट्टीशी चाळा केला. मग म्हणाल्या, "बरं. ह्या बाईंशिवाय किती वेळ चालेल?"

"संध्याकाळपर्यंत," हे म्हणाले. "फार तर."

शिपाईदादांनी बडीशेप चावायचं थांबवलं.

"सकाळी काम असतं. दुपार रेटता येते," हे सांगत होते. आवाज तोच, हालत सांगतानाचा. "संध्याकाळी घरी आलो आणि ही आत भांडी आपटत नसली, तर मला काही सुचत नाही. मागे ही ताईकडे गेली होती तेव्हा मी दिवा न लावता बसलो होतो. म्हणून तिला जाऊ नको म्हणता येईना. माझी संध्याकाळ नीट जावी म्हणून तिची जागा घालवायची का? तसं करता येत नाही. वस्तू हलवायची ती तिच्या भल्यासाठी, आपल्या सोयीसाठी नाही."

मी दारात उभी होते. माझ्या हातातली पाटी कधी खाली पडली ते मला कळलंच नाही.

खंडबाईंना मात्र हुरूप आला. इतकं नेमकं उत्तर त्यांना दिवसभरात कुणी दिलं नव्हतं. "मग पर्यायी व्यवस्था काय?"

"त्यासाठी आणखी एक विचारा. भांडारपालाशिवाय किती वेळ चालेल?"

"किती?"

"पहिला आठवडा मला शिव्या देतील. मग चालेल. किल्ल्यांचं सगळं ह्या धुराला माहीत आहे." हे साहेबांकडे वळले. "तिकडे भांडार रिकामं आहे म्हणे. लावायला माणूस लागेल. मी हिच्याबरोबर जातो."

साहेब खुर्चीतून उठलेच. "अहो, काय बोलताय? हा सराव आहे! नुसता सराव!"

"हो साहेब," हे म्हणाले. "सराव संपला की अर्ज देतो."

ह्यांनी हातमोजे काढून खिशात ठेवले आणि माझ्याकडे आले. समोर उभे राहिले, आणि पुढे काय करायचं ते सुचेना. मला रडू येत होतं आणि रागही जात नव्हता. आठवडाभराचा राग असा एका दमात कुठे जातो?

"एवढं बोलायला," मी म्हटलं, "तुम्हाला अख्खं दालन जाळावं लागलं?"

ह्यांनी जरा विचार केला.

"दोन," हे म्हणाले. "नाणेदालनही गेलं."